तार निघालेली असताना

"सर, रागावणार नसाल तर एक सांगतो," मामा म्हणाले, आणि मी हात धुता धुता हसलो. गेल्या अकरा वर्षांत मामांनी जेव्हा जेव्हा ही प्रस्तावना केली होती, तेव्हा पुढे काहीतरी फुसकंच निघालं होतं. कधी माझ्या खुर्चीचा स्क्रू ढिला झालेला असायचा, तर कधी कुणीतरी माझा कप वापरलेला असायचा. मामा कुणाचेच मामा नाहीत, ते आमच्या सिम्युलेटरचे तंत्रज्ञ आहेत, पण संस्थेत प्रमुखांपासून सगळे त्यांना मामाच म्हणतात. शेजारचा टपकणारा नळ त्यांनी घट्ट बंद केला आणि आरशातल्या माझ्याकडे बघत ते म्हणाले, "सकाळच्या शेवटच्या फेरीला तुमच्या स्टिकची तार लावलेलीच नव्हती."

"म्हणजे?"

"त्या फेरीच्या आधी सीटमागची धूळ काढायला मीच काढली होती. लावायची राहिली. आत्ता आवरताना बघतोय तर प्लग मागे लोंबकळतोय."

"अहो, पण यान तर गेलं. चौदा मिनिटं मी ते नेलं. दाराला टेकवलं."

"गेलं की," मामा म्हणाले. "पण तुम्ही नाही नेलं."

माझा धंदा सांगायला सोपा आहे आणि पटवायला अवघड. मी पायलट आहे, पण गेली सहा वर्षं मी जमिनीवरून हललेलो नाही. खिडक्या नसलेल्या एका हॉलमध्ये यानाची नकली केबिन आहे. तिच्यात बसून मी हातातल्या स्टिकनं नसलेलं यान नसलेल्या अंतराळ स्थानकाच्या दारापर्यंत नेतो आणि ते हाताला कसं लागलं ते एका आकड्यात सांगतो. एक म्हणजे लोण्यासारखं, दहा म्हणजे यान हाताबाहेर. आमच्याकडे एक रीत आहे आणि ती कुणी मोडत नाही. आकडा सांगायचा तो स्टिकवरून हात उचलायच्या आधी. हात उचलला की माणूस सभ्य होतो, विचार करू लागतो, कुणाला वाईट वाटेल ते बघतो. म्हणून फेरी संपताच मामा बाहेरून माइकवर त्यांच्या त्या खरखरीत आवाजात विचारतात, "यान ताब्यात होतं का? ठरलेलं काम झालं का? हाताला त्रास किती? आकडा?" त्या सकाळी मी एका दमात म्हणालो होतो, होतं, झालं, काहीच नाही, दोन. दोन हा आकडा मी वर्षातून एखाद्या वेळी देतो. मी काही दानशूर माणूस नाही.

स्टिक आणि यान यांच्यामध्ये एक प्रोग्रॅम बसवलेला आहे. त्याला आम्ही मदतनीस म्हणतो. आपोआप उडणाऱ्या ड्रोनसाठी तो आधी बनवला, मग माणसाच्या यानात आणला. पायलटचा हात चुकला तर तो सावरून घेतो, आणि पायलट गप्प बसला आहे असं त्याला वाटलं तर स्वतःच पुढे नेतो. तार निघालेली होती, म्हणजे त्याच्या लेखी मी चौदा मिनिटं गप्प बसलो होतो. मी मात्र घाम गाळत होतो, दात चावत होतो, आणि यान माझ्या मनासारखं वळतंय म्हणून मनातल्या मनात त्याची पाठ थोपटत होतो. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता बैठक होती आणि तिच्यात एकच गोष्ट ठरायची होती. केबिनमधून यानाकडे जाणारी थेट तार, म्हणजे मदतनीसाला बाजूला सारून पायलटनं सरळ स्वतःच्या हातानं यान चालवायची सोय, ठेवायची की काढून टाकायची. तीन महिन्यांनी खऱ्या यानात माझी विद्यार्थिनी बसणार होती. तिच्या तुकडीत ती सगळ्यात लहान, म्हणून आम्ही तिला धाकटी म्हणतो. माझा दोन आकडा कागदावर राहिला तर थेट तार जाणार, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

"कुणाला सांगितलंत?" मी विचारलं.

"तुम्हालाच. चार महिने राहिलेत निवृत्तीला," मामा म्हणाले. नंतर ते नेहमीसारखे दिवे बंद करायला निघून गेले.

गाडी घरी कोणी नेली कोण जाणे. म्हणजे मीच नेली, पण प्रत्येक वळणावर मी आधी चाक फिरवत होतो की आधी रस्ता वळत होता, हे मला नीट सांगता येईना. सिग्नलला थांबलो तेव्हा माझा पाय ब्रेकवर आधीच होता. तो केव्हा गेला? शेजारच्या गाडीतला माणूस स्टिअरिंगवर बोटांनी ताल धरून बसला होता, किती निश्चिंत, आणि मला त्याची काच ठोठावून विचारावंसं वाटलं की बाबा रे, तुझं चाक कशाला जोडलेलं आहे ते तू कधी वाकून बघितलंस का? लिफ्टमध्ये मी आमच्या मजल्याचं बटण दाबलं. दार बंद व्हायच्या बेतात असताना मला आठवलं की दिवा आधीपासूनच लागलेला होता. कुणीतरी वर बोलावली असेल, हे अगदी साधं कारण होतं. साध्या कारणांनी त्या संध्याकाळी माझं समाधान होत नव्हतं, उलट प्रत्येक साधं कारण मला कुणीतरी तयार करून ठेवल्यासारखं वाटत होतं.

जेवताना मी भाजीचा पहिला घास घेतला आणि बायकोनं मीठ माझ्याकडे सरकवलं. मी काही बोललो नव्हतो. तेवीस वर्षांच्या संसारात हे रोजचंच, याला प्रेम म्हणतात, आणि आजवर मीही तेच म्हणत आलो. पण त्या दिवशी मी मिठाच्या डबीकडे बघत राहिलो. मग मी ठरवलं की असं काहीतरी बोलायचं जे मी जन्मात बोललेलो नाही, जे माझं मलाही माहीत नाही.

"आपण कुत्रा पाळू या का?" मी म्हणालो.

"वाटलंच मला," ती म्हणाली. "उद्या मीटिंग दिसतेय. मोठी मीटिंग असली की आदल्या दिवशी तुझं काहीतरी भलतंच निघतं. मागच्या वेळी बासरी शिकायची होती."

"मी असं म्हणालो होतो?"

"अरे, बासरी आणलीसुद्धा होतीस. माळ्यावर आहे." तिनं हसून माझ्या पानात पोळी वाढली. दुसरी पोळी मला हवी होती, आणि ती मी मागितली नव्हती. ती चांगली बाई आहे, तिच्यावर माझा जीव आहे, हे सांगताना मला संकोच वाटत नाही. पण मी बोललो नसतो, दाराशी माझे फक्त बूट येऊन उभे राहिले असते, तरी ही संध्याकाळ अशीच्या अशी पार पडली असती की काय, या विचारानं मी घास गिळायचा विसरलो.

आणि मग आई आली. म्हणजे आठवली, पण ती अशी येते की आठवली म्हणणं कमी पडतं. शेवटचे नऊ दिवस ती डोळे मिटून पडलेली होती. बोलणं बंद, खाणं नळीतून. पाळीपाळीनं बसायचो, सकाळी ताई, दुपारनंतर मी. तिसऱ्या दिवशी मी तिच्या तळव्यात दोन बोटं ठेवली आणि म्हणालो, "आई, ऐकू येतंय का? येत असेल तर हात दाब." तिनं दाबला. मी ओरडलोच. ताईला फोन केला, रडलो. त्यानंतर सहा दिवस मी आईशी बोलत होतो. दुखतंय का? दाबला. ताई आलीय, कळलं का? दाबला. आठव्या दिवशी मी विचारलं, "आई, घरी जायचं का?" तिनं असा काही दाबला की बोटं पांढरी झाली. डॉक्टर नको म्हणत होते. ताई गोंधळली होती, ती माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि मी म्हणालो, आईनं स्वतः सांगितलंय. आम्ही तिला घरी आणलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. पुढे कधीतरी तेच डॉक्टर भेटले. भला माणूस. त्यांनी मला बसवून समजावलं की अशा अवस्थेत तळव्याला काहीही लागलं की मूठ मिटते, तान्ह्या बाळाची मिटते तशी, तिच्यात काही अर्थ शोधायचा नसतो. मी मान डोलावली. घरी आलो आणि आंघोळीला गेलो, कारण तिथे आवाज ऐकू जात नाही. मी आईला एकदाही उलटा प्रश्न विचारला नव्हता. घरी नको ना जायला, असं विचारलं असतं तरी तिनं दाबलाच असता. ताईला हे मी अजून सांगितलेलं नाही. आई तिथे होती आणि मला उत्तर देत होती, ही माझी खात्री, आणि सकाळी यान माझ्या हातात होतं ही खात्री, या दोन्हींची चव अगदी एकच होती, आणि मला त्याची भीती वाटली. साधी, लहान मुलाला वाटते तशी भीती.

सकाळी मी सातला संस्थेत पोचलो. सिम्युलेटरच्या हॉलकडे जायला ड्रोनच्या शेडमधून वाट आहे. एरवी मी तिथून कानावर हात ठेवून पळतो, कारण ती यंत्रं माश्यांसारखी कानाशी गुणगुणतात. त्या दिवशी त्यांची चाचणी चालू होती. नऊ ड्रोन, प्रत्येकासमोर टांगलेली एकेक कडी, आणि प्रत्येकानं आपल्या कडीत हळू हळू शिरून थांबायचं. माणूस कुणी नव्हता, काचेपलीकडे एक इंजिनिअर पाठमोरी बसली होती. मी सहज बघत उभा राहिलो. पहिला ड्रोन कडीपासून दोनेक मीटरवर आला, क्षणभर रेंगाळला, किंचित डावीकडे झुकला, जणू कडीला बगल देणार, आणि मग सरळ होऊन आत गेला. दुसऱ्यानं तेच केलं. मग तिसऱ्यानं. माझ्या मानेवरचे केस उभे राहिले. ती माझी खोड आहे. तरुणपणी मी ज्या विमानावर शिकलो ते उजवीकडे ओढायचं, म्हणून टेकायच्या आधी मी हात डावीकडे न्यायचो. विमान भंगारात गेलं, खोड राहिली. गुरुजींनी शिव्या घातल्या, सहकाऱ्यांनी नकला केल्या, ती गेली नाही. आता रिकाम्या शेडमध्ये नऊ यंत्रं एकामागोमाग एक माझी नक्कल करत होती. मदतनीसाला शिकवायला माझ्या सहा वर्षांपूर्वीच्या फेऱ्या वापरल्या आहेत हे मला माहीत होतं, मीच तर कागदावर संमती दिली होती. पण माहीत असणं वेगळं आणि स्वतःला नऊ ठिकाणी हवेत लटकलेलं बघणं वेगळं.

आणि तिथेच मला धाकटी आठवली. आठ दिवसांपूर्वीची तिची फेरी. ती बाहेर आली तेव्हा तिच्या वरच्या ओठावर घामाचे थेंब होते आणि आकडा तिनं दिला होता सात. मी सगळ्यांसमोर हसलो होतो. "सात? अगं, यानात पाहुणी म्हणून आलीस की काय? जरा हात सैल सोड." ती हसली नाही. "सर, ते मला ढकलतं," ती म्हणाली. "लहानपणी मनगट धरून अक्षर गिरवायला लावतात ना, तसं. आणि शेवटी शेवटी तर डावीकडेच ओढतं. मी तिकडे जातच नव्हते." मी तिच्या कागदावर शेरा मारला होता, सराव कमी. तिचा सात बाजूला ठेवून माझाच आकडा धरावा, अशी तोंडी शिफारसही केली होती. एवढी हुशार मुलगी, तिला मी मूर्खात काढलं होतं. तिला ढकलणारा, तिचं मनगट धरणारा मीच होतो, आणि तीन महिन्यांनी, जिथे मदतीला कुणी येऊ शकत नाही अशा जागी, तिच्या हाताशी मी असाच भांडणार होतो. लाज वाटली, पण त्या लाजेखाली अजूनही एक हट्ट शिल्लक होता. कालचं अपवादानं झालं असेल, दमलो असेन. मला माझा हात ओळखता येईल.

मामा आलेच होते. मी त्यांना म्हणालो, "दहा छोट्या फेऱ्या करू. फक्त शेवटचे वीस मीटर. प्रत्येक वेळी तुम्ही घड्याळ बघा. सेकंद सम असला तर तार लावा, विषम असला तर काढा. मला सांगू नका. मी शिस्तीत चालवीन, उगाच स्टिक गदागदा हलवून बघणार नाही. प्रत्येक फेरीनंतर मी सांगतो, तार आहे की नाही."

"कशाला जिवाला लावून घेता, सर?"

"मामा, करा."

केबिनचं दार मिटलं. आत नेहमीचा वास, रबराचा आणि माझ्याच जुन्या घामाचा. पडद्यावर काळोख आणि त्यात स्थानकाचं वाटोळं दार, ताटाएवढं, मग परातीएवढं. पहिल्या फेरीत मी स्टिक जराशी दाबली आणि यान जरासंच पुढे सरकलं, इतकं माझं, इतकं आतलं, की मला हसू फुटलं. "लावलेली," मी म्हणालो. दुसऱ्या फेरीत काहीतरी खटकलं. मी वळवत होतो आणि यान मागून येत होतं, रुसलेल्या पोरासारखं पाय ओढत. दोन मीटरवर ते जरा जास्तच डावीकडे गेलं आणि मला ओशाळल्यासारखं झालं, परक्याची चूक बघून होतं तसं. "काढलेली," मी म्हणालो. असं चाललं. मला कळत होतं, अगदी स्वच्छ कळत होतं. हा मी, हा तो. हा मी, हा तो. एकदाच, सातव्या फेरीला, शिंक आली आणि लक्ष गेलं. तेव्हा मी म्हणालो, "माहीत नाही, लावलेली म्हणा." दहावी संपली आणि मी हात उचलला. तळवा कोरडा होता. कालची भीती मला आता बालिश वाटत होती.

बाहेर मामा त्यांची वही घेऊन उभे होते.

"किती चुकलो?" मी विचारलं. "दोन? तीन?"

"सातवी बरोबर आली," मामा म्हणाले.

"आणि बाकीच्या?"

"बाकीच्या उलट्या आहेत, सर. लावलेली म्हणालात तेव्हा काढलेली होती. काढलेली म्हणालात तेव्हा लावलेली."

मी वही हातात घेतली. मामांचं अक्षर शाळेतल्या मुलासारखं गोल आहे, त्यात वाचायची चूक होणं शक्य नव्हतं. ज्या ज्या वेळी मला वाटलं की हा मी, त्या प्रत्येक वेळी माझा हात कशालाही जोडलेला नव्हता. आणि ते जे पाय ओढत येणारं, ओशाळवाणं, परकं होतं, ज्याची मला कीव आली होती, तो मी होतो. मामांनी स्क्रीनवर दोन रेषा एकावर एक ठेवून दाखवल्या. निळी मदतनीसाची, लाल माझी. आकार तोच, डावीकडचा बाकही तोच. लाल रेष मागे होती, केसभर, पण सगळीकडे मागे.

"त्यानं तुमच्या जुन्या फेऱ्या गिरवल्यात," मामा हलक्या आवाजात म्हणाले. "तो सहा वर्षांपूर्वीचा तुमचा हात आहे. आत्ताचा जरा उशिरा येतो. वय झालं की येतो, माझा तर केव्हाच येतो."

म्हणजे मला जो मी ओळखीचा होता, तो तिथे आत राहत होता, तरुण, अचूक, कुणाची वाट न बघणारा. आणि इथे उभा होता तो कोण, याची मलाच ओळख पटत नव्हती. मी माझ्या उजव्या हाताकडे बघितलं. पाच बोटं, अंगठ्याला जुना व्रण. मूठ मिटायची असं ठरवलं. ती मिटली. पण आधी ठरवलं की आधी मिटली, हे मी आता कुणाच्याही गळ्याची शपथ घेऊन सांगू शकलो नसतो.

"बैठकीत सांगायचं तर तारेचं सांगावं लागेल," मी म्हणालो. "तुमचं नाव येईल."

"येऊ दे की. तार विसरलो हे खरंच आहे." मामांनी वही मिटली. "पण सर, तुमचंही येईल. हात उशिरा येतो म्हटल्यावर उद्यापासून तुम्हाला त्या केबिनमध्ये कोण बसवणार?"

ते मला आधीच कळलं होतं. कळलं नव्हतं ते एवढंच, की अकरा वाजता त्या खोलीत जाऊन जे बोलेल ते कोण असेल.

बैठकीच्या खोलीत लांब टेबल, पाण्याचे ग्लास, आणि खिडकीतून येणारं इतकं लख्ख ऊन की सगळ्यांचे चेहरे पुसट दिसत होते. प्रमुख टोकाला बसले होते. धाकटी माझ्या समोर, हात मांडीवर, नजर टेबलावर. मी तिच्या जागी असतो तर मीही वर बघितलं नसतं. कागदपत्रं सांभाळणाऱ्या बाई माझ्याजवळ आल्या आणि माझ्यासमोर कागद ठेवला. "सर, तुमचं सगळं टाइप करून ठेवलंय. आकडा दोन, शेरा नेहमीचा. फक्त सही." कागद वाचला. यान ताब्यात होते. काम पूर्ण झाले. हाताला त्रास नाही. थेट तारेची आवश्यकता वाटत नाही. यातलं शेवटचं वाक्य मी कधी बोललो होतो? बोललो नसेन, पण बोललो असतो, अगदी याच शब्दांत. त्यांना मी पाठ होतो. प्रमुखांनी घड्याळाकडे बघून मान हलवली, आणि मी बघतो तो पेन माझ्या हातात होतं आणि हात कागदावर योग्य जागी जाऊन बसला होता, मनगट सैल, किती सहज, किती ओळखीचं. ती सही किती सुरेख उमटणार होती ते मला दिसत होतं. मला कसलाच त्रास होत नव्हता. आणि ही त्रास न होण्याची भावना मी ओळखली.

मी हात मागे घेतला. सोपं नव्हतं. चिखलातून पाय काढावा तसा तो यायला बघेना. मी टाइप केलेला दोन खोडला, तर रेघ आकड्याच्या खालून गेली. पुन्हा खोडला. शेजारी दहा लिहिला. एक वाकडा आला, शून्य मिटलंच नाही.

"हे काय?" प्रमुख म्हणाले. "दहा म्हणजे यान ताब्यात नव्हतं."

"नव्हतं," मी म्हणालो. माझा आवाज चिरका आला, भलत्याच उंचीवर. मी अडखळत सांगत गेलो. तार, दहा फेऱ्या, नऊ चुका, ड्रोनच्या शेडमधलं ते डावीकडे झुकणं. क्रम चुकला, दोनदा मागे गेलो, एकदा तर शब्दच सापडेना आणि मी नुसता हातवारे करत बसलो. आयुष्यात कधी मी इतकं वाईट बोललो नव्हतो. "ती सात म्हणाली ते बरोबर आहे," मी म्हणालो. "तिला ढकलणारा मी आहे. मला तिच्या यानातून बाहेर काढायची सोय तिच्या हातात पाहिजे." धाकटीनं वर बघितलं. तिच्या चेहऱ्यावर कृतज्ञता वगैरे नव्हती. अनोळखी माणूस अचानक आपलं नाव घेऊन बोलू लागला की माणूस बघतो, तशी ती माझ्याकडे बघत होती.

मग प्रमुखांनी चष्मा काढला आणि ते म्हणाले, "सही करा. तुमच्या दहाखाली." त्यांनी ते रागानं म्हटलं की थकून, मला कळलं नाही. थेट तार राहणार होती आणि मी जाणार होतो, एवढं मात्र त्या खोलीत सगळ्यांना कळलं.

मी सही केली. पेन दोनदा अडकलं, शेवटचं अक्षर ओळीखाली घसरलं. बाईंनी कागद उचलला, फाइलमधल्या जुन्या कागदाशेजारी धरला, खिडकीकडे वळून उजेडात बघितला आणि संकोचून म्हणाल्या, "सर, ही तुमची वाटत नाही हो."

"नाही ना?" मी म्हणालो, आणि त्यांच्या हातून कागद घेऊन पुन्हा पुन्हा ती सही बघत राहिलो.